आईचा भाडेकरू

करबचत आणि करचुकवेगिरी या दोन शब्दांच्या मधल्या बोळात माझं अख्खं आयुष्य गेलं. पहिला शब्द कायद्याचा, दुसरा नोटिशीचा, आणि डोंबिवलीत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना दोन्ही एकच वाटतात. दारातून आत येतानाच आवाज खाली करतात. "मॅडम, काही सेटिंग होईल का?" अहो, सेटिंग कसली? सरकारनेच कायद्यात लिहून ठेवलंय की बाबा, अमुक अमुक कर, तेवढा कर माफ. ते घ्यायला लाजायचं कशाला आणि कुजबुजायचं कशाला? मी मुद्दाम मोठ्याने बोलते. शेजारी पोळीभाजी केंद्र आहे, तिथे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनाही माझा सल्ला फुकटात मिळतो.

मी सीए नाही, हे आधीच सांगते. 'टॅक्स कन्सल्टंट' अशी पाटी आहे आणि पूर्वेला सगळे मला सावंत मॅडम म्हणून ओळखतात. तुम्हाला वाटेल, काय रुक्ष काम! छे हो! एखाद्याच्या पगाराच्या कागदावर नजर टाकावी आणि त्याला स्वतःला माहीत नसलेली सवलत अचानक दिसावी, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ठाकुर्लीच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. बँक दर वर्षी त्यांच्या ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापायची आणि बाई म्हणायच्या, "कापले ते गेले." अहो, गेले कसे? उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असेल तर बँकेला वर्षाच्या सुरुवातीलाच एक फॉर्म द्यायचा, कापतच नाहीत. आणि कापलेच तर रिटर्न भरायचं, परत येतात. आले की! बाई पेढे घेऊन आलेल्या आणि जिन्याच्या खालूनच ओरडत होत्या, "सावंत मॅडम, सरकारने पैसे परत दिले!" जणू सरकार त्यांच्या घरी चहाला येऊन गेलेलं.

आता नवा कायदा आलाय. माझ्या तोंडात बसलेल्या कलमांचे सगळे नंबर बदलले. ऐंशी-सी म्हटलं की लहान पोरालाही कळायचं, आता मलाच चष्मा लावून बघावं लागतं. पण तत्त्व तेच. नव्या पद्धतीत कराचे दर कमी, पण सवलती जवळजवळ नाहीत. जुन्या पद्धतीत दर जास्त, पण सवलती भरपूर. दोन्हीकडून हिशोब मांडायचा आणि कमी येईल तो घ्यायचा. एवढं साधं आहे. तरी मार्च महिन्यात लोक मेव्हण्याच्या भिडेखातर विम्याच्या पॉलिस्या घेतात आणि जुलैत मला विचारतात, "मॅडम, मी नव्या पद्धतीत आहे, मला याचा फायदा काय?" मेव्हण्याला फायदा झाला ना, मग झालं.

पण आमच्या भागाची खास चूक म्हणाल तर ती घरभाडे भत्त्याची. पगारात एचआरए म्हणून एक रक्कम असते. तुम्ही खरंच भाडं भरत असाल आणि जुन्या पद्धतीत असाल, तर त्यातला काही भाग करमुक्त होतो. त्यासाठी तीन आकडे काढायचे. मिळालेला भत्ता हा पहिला. भरलेल्या भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा करायचा, तो दुसरा. तिसरा आकडा मूळ पगाराच्या टक्क्यांचा, आणि गंमत इथेच आहे. मुंबईत राहत असाल तर पन्नास टक्के, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहत असाल तर चाळीस. तिघांत जो लहान, तो तुमचा. आता आमचा डोंबिवलीकर सकाळी उठून मुंबईला जातो, मुंबईतच जेवतो, मुंबईच्याच नावाने बोटं मोडतो. तो ठोकून पन्नास टक्के लावतो. मी म्हणते, "हे काय?" तर म्हणतो, "मॅडम, ऑफिस लोअर परळला आहे." मग ऑफिसात झोपतोस का रे? घर कुठे आहे ते बघतात! मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात आलास की तू कायद्याच्या लेखी मुंबईकर नाहीस. यावर माणसं जी दुखावतात ना, विचारू नका. दहा टक्क्यांचं दुःख कमी, मुंबईकर नसल्याचं जास्त.

प्रसादने तीच चूक केलेली, आणि वर आणखी एक. हा मुलगा, म्हणजे चाळिशीकडे झुकलेला माणूस, ऐरोलीच्या एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. पगार भरपूर कमावतो आणि अर्धं आयुष्य शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये घालवतो. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे आला तेव्हा कराचे आताचे दर लागू नव्हते. आल्या आल्या त्याने टेबलावर भाड्याच्या पावत्या ठेवल्या. ठाण्यातल्या मामांच्या सहीच्या.

"मामांकडे भाड्याने राहतोस?"

"नाही हो मॅडम. मामा दर वर्षी सही करून देतात. सगळेच करतात."

मी पावत्या त्याच्या हातात परत दिल्या. "हे घेऊन दुसरीकडे जा. नाहीतर इथे बस आणि मी विचारते त्याची खरी उत्तरं दे. राहतोस कुठे?"

"इथेच, डोंबिवलीत. आईकडे. म्हणजे आम्हीच, मी, बायको आणि आई."

"घर कुणाच्या नावावर?"

"आईच्या. बाबांनी हौसेने तिच्या एकटीच्या नावावर घेतलेलं."

तुम्हाला सांगते, मी खुर्चीतून उठलेच! "अरे, मग मामा कशाला हवेत तुला? आईला भाडं दे!"

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला आईचं मंगळसूत्र विकायला सांगितलंय. "आईला? भाडं?"

"आईला. भाडं. दर महिन्याला, बँकेतून, करार करून. कायदा आईला घरमालक मानतो. बायकोला भाडं देऊन ही सवलत मागितलीस तर गोष्ट वेगळी, तिथे शंका घेतात. पण आईचं घर, आईचं खातं, आईचा पॅन, सगळं रोखठोक. आईला तिच्या रिटर्नमध्ये ते भाडं उत्पन्न म्हणून दाखवावं लागेल. त्यातून तीस टक्के सरकार आपणहून सोडतं, डागडुजीचे म्हणून. वर ज्येष्ठ नागरिकाची मर्यादा मोठी. आईला कर लागणार नाही, आणि तुझा उतरेल." मी लगेच कागदावर आकडे मांडले. त्याच्या बदलापूरच्या फ्लॅटच्या कर्जाचं व्याज, पीपीएफ, आईचा मेडिक्लेम, आणि आता हे भाडं. जुनी पद्धत जिंकली! मी टाळी वाजवली. तो हसला नाही, पण पावत्या फाडल्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी एक बाई कोथिंबिरीची जुडी डोकावत असलेली पिशवी घेऊन तरातरा आत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. "तुम्हीच का त्या टॅक्सवाल्या बाई?"

"हो. आपण?"

"निर्मला. प्रसादची आई. माझ्या पोटच्या पोराला माझा भाडेकरू केलात तुम्ही?"

"अहो निर्मलाताई, बसा तरी..."

"जळ्ळं मेलं तुमचं ते कलम! आई भाडं घेते पोराकडून? उद्या जेवणाचं बिल लावू? परवा त्याला दूध पाजलं त्याचं व्याज मागू? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या!" आणि बाई रडायलाच लागल्या हो. बाहेरच्या रांगेतली माणसं काचेतून बघत होती. मी पाणी दिलं. मलाही वाईट वाटलं, पण मी काही कमी हट्टी नाही.

"निर्मलाताई, घर कुणाचं?"

"यांनी घेतलेलं."

"नाव कुणाचं आहे?"

"माझं." हे त्या अगदी हळू म्हणाल्या, कुणी ऐकेल अशा भीतीने.

"मग मालकीण कोण?"

 त्यांनी पदराने डोळे पुसले. मग विचारलं, "आणि त्या पैशांचं मी काय करायचं?"

"काहीही करा. तुमचेच."

"काहीही?"

"काहीही."

"प्रसादला विचारून?"

"त्याला कशाला विचारायचं? घरमालक भाडेकरूला विचारून पैसे खर्च करतो का?" मी आपली विनोदाने म्हणाले. निर्मलाताई मात्र विनोदावर हसल्या नाहीत. कोथिंबिरीची जुडी पिशवीत नीट आत ढकलली आणि म्हणाल्या, "कुठे सही करू?"

करार केला. दोन्ही बेडरूम प्रसादच्या, एक झोपायची आणि एक त्याच्या ऑफिसची, कारण आठवड्यातून काही दिवस तो घरून काम करायचा. हॉल आणि स्वयंपाकघर सामाईक. निर्मलाताई हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या, अशीच त्यांची वर्षानुवर्षांची व्यवस्था होती. कुठल्याही बाजूने एक महिन्याची नोटीस. सगळं जगात चालतं तसंच लिहिलं, कारण माझा नियम एकच आहे, भाडं खरं असेल तर करारही खरा हवा.

तो करार सोसायटीत दिला आणि सेक्रेटरी पेटले. "भाडेकरू ठेवला? मग पोलीस व्हेरिफिकेशन आणा!" अहो, प्रसादचं? जो त्यांच्याच खिडकीची काच क्रिकेटच्या बॉलने फोडून मोठा झाला? सेक्रेटरी म्हणाले, "नियम म्हणजे नियम. आणि भाडेकरूचा वेगळा चार्जही लागेल." मी स्वतः गेले आणि सांगितलं की मुलाला असा चार्ज लावता येत नाही, आणि पोलिसांचं म्हणाल तर आणतो बापडे. प्रसाद गेला पोलीस चौकीत. हवालदारांनी विचारलं, "घरमालकाशी ओळख कशी झाली?" तो म्हणाला, "जन्मापासून आहे." ही गोष्ट मी पुढे कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलीय आणि दर वेळी मीच जास्त हसलेय.

हसू ओसरलं ते काही महिन्यांनी, निर्मलाताईंच्या खात्याचा उतारा पाहिला तेव्हा. भाडं पहिल्या तारखेला जमा, आणि दोन-तीन दिवसांत एटीएममधून सगळं बाहेर. दर महिन्याला. मी प्रसादला बोलावलं.

"आईचं कार्ड कुठे आहे?"

"माझ्याकडे. आईला कुठे एटीएम वापरता येतं?"

"आणि काढलेले पैसे?"

"घरखर्चाला. मॅडम, घरात एकाच खिशातून जातात ना पैसे."

मी इतकी तापले! "प्रसाद, ही नौटंकी आहे! या हाताने द्यायचे आणि त्या हाताने काढून घ्यायचे, याला भाडं म्हणत नाहीत. मामांच्या पावत्यांत आणि यात फरक काय राहिला? उद्या अधिकाऱ्याने विचारलं की आईने या पैशांचं काय केलं, तर काय सांगणार? आजच्या आज कार्ड आईच्या हातात दे आणि वापरायला शिकव. नाहीतर तुझं रिटर्न मी भरणार नाही." तो चरफडला, पण त्याने कार्ड दिलं. मला वाटलं, चला, काम चोख झालं.

दुसऱ्या वर्षी जूनच्या शेवटी निर्मलाताई एकट्या आल्या. मला वाटलं त्यांच्या रिटर्नसाठी. त्या आल्या, बसल्या, आणि पर्समधून कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "बाई, हे पैसे माझेच ना? नक्की?"

"शंभर टक्के. का?"

"दीपाचं नाव घातलंय मी. इथल्या प्रसूतिगृहात."

दीपा म्हणजे त्यांची मुलगी, प्रसादची धाकटी बहीण. मला ती आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, कारण प्रसादच्या तोंडून तिचं नाव कधी निघालंच नव्हतं. निर्मलाताईंनी मग सगळं सांगितलं. दीपाने कळव्याच्या एका बौद्ध मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला, बँकेत, घरचे तर तिला फुलासारखी जपतात. पण लग्नाला वर्ष व्हायच्या आत बाबा गेले आणि प्रसादने डोक्यात घेतलं की ते हिच्यामुळे गेले. "अहो, यांचं हृदय तिच्या लग्नाच्या आधीपासून दुखणाईत. पण ऐकेल तर शपथ. तेव्हापासून दीपाने या घराचा उंबरा पाहिला नाही. मी भजनाला जाते सांगून कळव्याला जाते. सगळ्या बिल्डिंगला वाटतं, मी केवढी देवभोळी!" त्या हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले. "आता तिला सातवा लागलाय. इतक्या वर्षांनी दिवस राहिलेत. सासूबाई करतील सगळं, मायाळू आहेत. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं हो आपल्यात. आणि दीपा मला म्हणते, आई, मला तू हवीस, तुझ्या घरात. मी काय सांगू तिला? माझ्या घरात मला खोली नाही?"

 मी टॅक्सवाली! भत्ता, व्याज, वजावट विचारा, धडाधड सांगेन. हे कुठल्या कलमात बसवू?

त्याच म्हणाल्या, "मला एवढंच सांगा. भाडेकरू मालकिणीला सांगू शकतो का, घरात कुणाला आणायचं नाही म्हणून?"

"त्याच्या खोल्यांपुरतं सांगू शकतो. दोन्ही खोल्या तुम्ही त्याला दिल्यात. पण महिन्याची नोटीस देऊन एक खोली परत मागू शकता."

"मग मागते," निर्मलाताई म्हणाल्या.

मी त्यांना हात जोडले. "आधी तोंडी बोला. प्रेमाने. मी घरं फोडायला बसलेली नाही."

जुलैत दोघंही रिटर्नसाठी एकत्र आले. प्रसादने त्याचे आकडे पाहिले, होकार दिला, खूश झाला. मी आईंचं रिटर्न उघडलं तेवढ्यात निर्मलाताई स्क्रीनकडेच बघत म्हणाल्या, "प्रसाद, तुझी ऑफिसची खोली मला परत हवीये. महिना दिला तुला."

"म्हणजे? कशाला?"

"दीपा येतेय. बाळंतपणाला."

त्याचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "आई, हे इथे बोलायचं नाही. ती माझ्या घरात पाऊल टाकणार नाही, हे मी तुला शंभरदा सांगितलंय."

"तुझ्या घरात?" निर्मलाताईंचा आवाज इतका शांत होता की मीच घाबरले. "मग मला दर महिन्याला भाडं कुणाच्या घराचं देतोस रे?"

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही सांगा हिला काहीतरी!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रसाद, एकतर घर तुझं, नाहीतर सवलत तुझी. दोन्ही कायद्यात बसत नाही."

तो उठला आणि काच ढकलून निघून गेला. निर्मलाताई बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं भरून घ्या तेवढं," आणि स्वतःच्या मोबाईलवर आलेला ओटीपी मला खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

त्यानंतर माझी झोप गेली. इतकी वर्षं मी लोकांचे पैसे वाचवले आणि अभिमानाने मिरवले. कुणाचं घर मोडलं असं कधी ऐकलं नव्हतं. शेवटची तारीख आली तेव्हा मी प्रसादचं रिटर्न पाठवून दिलं, त्याने आकडे मान्य केलेले होतेच. पण रिटर्न नुसतं पाठवून भागत नाही. माणसाच्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकून ते पक्कं करायचं असतं. मुदतीत नाही केलं तर भरलंच नाही असं धरतात. मी मेसेज केले, उत्तर नाही. फोन करायची हिंमत होत नव्हती, मी! जिने आयकर अधिकाऱ्यांशी तावातावाने भांडणं केली, ती एका गिऱ्हाइकाला घाबरून बसलेली. मुदत अगदी टोकाला आली तेव्हा एका रविवारी सकाळी मन घट्ट करून फोन लावला.

उचलला गेला. पलीकडून फरशीवर काहीतरी जड घासत ओढल्याचा आवाज आणि त्यात प्रसादचा. "मॅडम, एक मिनिट, टेबल दारात अडकलंय."

"कसलं टेबल?"

"ऑफिसचं. हॉलमध्ये आणतोय. खोली रिकामी करतोय." मागून निर्मलाताई ओरडल्या, "अरे, भिंतीला घासतंय, रंग जाईल!" आणि तो त्यांच्यावर ओरडला, "मग उचल की तू!" इतकं गोड भांडण मी आजवर ऐकलेलं नाही. 

"प्रसाद, अरे, झालं काय?"

"काल आईने बॅग भरली," तो धापा टाकत म्हणाला. "बोलली, मालकीणच कळव्याला राहायला जाते, तू रहा इथे भाड्याने. रात्री मी हॉलमध्ये आलो तर दिवाण रिकामा. दाराशी बॅगेवर बसलेली, उजाडायची वाट बघत. मॅडम, ती तिथे दिवाणावर झोपते हे मला इतकी वर्षं दिसतच नव्हतं हो."  मग खाकरून म्हणाला, "ओटीपी पाहिजे ना तुम्हाला? पाठवा, सांगतो." मी पाठवला. "आणि मॅडम, आता आमच्याकडे एकच खोली राहिली. मग भाडंही कमी लावायला हवं ना पुढच्या करारात?"

"लावायला हवं. खोली परत गेली तर पूर्ण भाडं कसं दाखवणार?"

"म्हणजे माझा टॅक्स वाढणार."

"वाढणार बाबा."

"किती ते आत्ता नका सांगू. खाली रिक्षा थांबलीये." आणि मग, फोन तसाच चालू ठेवून, तो खिडकीतून ओरडला, "दीपे! थांब, जिना एकटी चढू नकोस! मी येतोय खाली!"

धाडधाड पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. मागोमाग निर्मलाताईंच्या बांगड्यांचा. मी ओटीपी विचारायचं सोडून तो जिना ऐकत बसले.